सहाशेच्या खुणेपाशी



या व्याख्यानमालेच्या कार्यवाहांचा फोन आला तेव्हा मी त्यांना म्हटलं, मी बँकेत कर्जाच्या फायली बघते. मी खेळाडू नाही, प्रशिक्षक नाही, मी काय बोलणार? ते म्हणाले, "ताई, या मालेत खेळावर जे जे बोलले ते सगळे मैदानाच्या आतले होते. बाहेर उभं राहणारं अजून कोणी बोललंच नाही." हे ऐकल्यावर मला नाही म्हणता आलं नाही.

दुसरं एक कारण आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो त्या गुरुजींना मी मैदानावर फक्की मारताना पाहिलं आहे. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी ते हे काम शिपायाला सांगत नसत. दोन पोरांच्या हातात दोरी द्यायचे, ती ताणून धरायला लावायचे आणि स्वतः वाकून रेघ ओढायचे. रेघ वाकडी गेली तर कुणाच्या तरी पोराला दोन पावलं जास्त पळावी लागतील, असं ते म्हणत. तेव्हा मला वाटलं होतं, केवढी ही बारीक नजर! आज त्या नजरेबद्दलच बोलायचं आहे. पळणाऱ्या मुलाकडे बघायचं कसं? कुठे उभं राहून बघायचं? आणि बघताना आपल्या मनात काय असतं?

माझी लेक सातवीत असताना पहिल्यांदा तालुक्याला पळाली. सहाशे मीटर. पाऊस नुकताच उघडला होता. मैदानाच्या एका कोपऱ्यात पाणी साचलेलं, तिथे कुणीतरी विटांचा चुरा टाकलेला. तिच्या छातीवर चेस्ट नंबर लावायचं काम माझ्याकडे होतं. चार कोपरे, चार सेफ्टी पिना. चौथी पिन लावताना माझे हात थरथरत होते आणि ती मात्र शांतपणे समोर बघत उभी होती. तेवढ्यात क्रीडाशिक्षकांनी शिट्टी वाजवली आणि ओरडून सांगितलं, "पालकांनी दोरीच्या बाहेर व्हा!"

मंडळी, मला सांगा, तोपर्यंतच्या बारा वर्षांत आपण मुलांच्या कुठल्या गोष्टीत दोरीच्या बाहेर असतो? घास आपण भरवतो. थर्मोकोलचा प्रकल्प अर्धाअधिक आपणच करतो. स्नेहसंमेलनातलं भाषण आपण लिहून देतो आणि पाठही करून घेतो. परीक्षेच्या आदल्या रात्री आपणही जागतो. मुलाच्या प्रत्येक यशात आपला एक हात असतो आणि तो हात आपल्याला फार प्रिय असतो. पळण्यात तो हात चालत नाही. तिच्या वाटचा एक श्वाससुद्धा आपल्याला घेता येत नाही.

चारशे मीटरपर्यंतच्या शर्यतीत स्टार्टर आधी 'ऑन युअर मार्क्स' म्हणतो, मग 'सेट' म्हणतो आणि मग बार उडवतो. चारशेच्या पुढच्या शर्यतीत 'सेट' नसतोच. रेघेवर या, आणि बार. शाळेच्या स्पर्धेत बाराऐवजी लाकडी क्लॅपर असतो, तो फाडकन वाजतो. त्या दिवशी मी 'सेट' ऐकायची वाट बघत राहिले आणि मुली पन्नास मीटर पुढे गेल्यासुद्धा. लेक तयार होती. मीच तयार नव्हते.

दोरी ओलांडून आत गेलेल्या एका बापाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. १९९२ साल, बार्सिलोना ऑलिंपिक, चारशे मीटरची उपांत्य फेरी. ब्रिटनच्या डेरेक रेडमंडच्या मांडीमागचा स्नायू पळता पळता फाटला. तो लंगडत पुढे निघाला तेव्हा त्याचे वडील, जिम, सुरक्षारक्षकांना बाजूला सारून ट्रॅकवर आले आणि त्याला खांदा देऊन शेवटच्या रेघेपर्यंत घेऊन गेले. हा प्रसंग पालकांच्या मेळाव्यात पुन्हा पुन्हा सांगतात आणि त्याचा अर्थ असा लावतात की खरा बाप दोरी जुमानत नाही. मला तो अर्थ पटत नाही. जिम रेडमंड आत आले तेव्हा मुलाची स्पर्धा संपलेली होती, बाकीचे सगळे पळून झाले होते. मूल पडल्यावर आत जायचं हे कुणालाही कळतं. पळत असताना बाहेर राहायचं, हे अवघड. मला ते शिकायला चार वर्षं लागली.

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळते. ती म्हणजे आकडा.

बँकेतलं माणूस आकड्यावर विश्वास ठेवतं. लेकीने पळणं मनावर घेतलं तसं मी मोबाइलमध्ये स्टॉपवॉच लावायला लागले. घरी संगणकावर तक्ता केला: तारीख, अंतर, वेळ, कितवा क्रमांक. आठवीत आम्ही तिला सकाळच्या सरावाला घातलं. सर मोठे शिस्तीचे. आठवड्यातून एकदा अजिंक्यतारा किल्ल्याचा चढ, बाकी दिवस मैदान. त्यांनी तिला पहिल्याच महिन्यात एक गोष्ट शिकवली: वळणावर कुणाला मागे टाकायला जाऊ नकोस. एक लेन सव्वा मीटरच्या आसपास रुंद असते. एका लेनएवढं बाहेरून वळण घेतलं तर पावणेचार मीटरपेक्षा जास्त अंतर फुकट पळावं लागतं. वळणावर चिकटून राहा, सरळ रेषेत पुढे हो. मला हे ऐकून आनंद झाला, कारण हाही आकडाच होता.

आणि आकड्यांनी मला फसवलं असं मी म्हणणार नाही. आकडे खरेच असतात. आपण त्यांना प्रश्न मात्र चुकीचा विचारतो. २०१२ सालची लंडन ऑलिंपिकची आठशे मीटरची अंतिम शर्यत घ्या. केनियाच्या डेव्हिड रुडिशाने १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा विश्वविक्रम केला, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या शर्यतीत शेवटचा कोण आला? आठवा आला ब्रिटनचा अँड्र्यू ओसागी. त्याची वेळ १ मिनिट ४३.७७ सेकंद. ही वेळ बीजिंगच्या, अथेन्सच्या आणि सिडनीच्या अंतिम शर्यतीत सुवर्णपदक मिळवून देणारी होती. आधीच्या तिन्ही ऑलिंपिकच्या विजेत्यांपेक्षा तो माणूस वेगात पळाला आणि शेवटचा आला. आयुष्यातली सर्वोत्तम शर्यत पळाला आणि शेवटचा आला! त्याच्या आईने त्या रात्री काय म्हणायचं? 'कितवा आलास' की 'कसा पळालास'?

उलट बाजूही बघा. १९८४, लॉस एंजेलिस. ऑलिंपिकमध्ये बायकांची चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत पहिल्यांदाच होत होती. पी. टी. उषा ५५.४२ सेकंद. तिसरी आलेली रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू ५५.४१. एक शतांश सेकंद. डोळ्याची पापणी लवायला यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. आपल्याच राज्यातल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये पाच शतांश सेकंदांनी सुवर्णाला मुकला. अठ्ठावीस अडथळे, पाण्याचे सात खड्डे, आठ मिनिटांहून जास्त पळणं, आणि शेवटी फरक एवढा. तो फरक खरा आहे, पदक खरं आहे. पण त्या पाच शतांशांवरून माणसाची किंमत करायला निघालो, तर आपल्या हातातलं मापच चुकलेलं आहे.

हे आज मी व्यासपीठावरून सांगते आहे. त्या वेळी मला हे सुचलं नव्हतं. आणि आता जे सांगणार आहे ते सांगावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. लेकीला विचारलं. ती म्हणाली, "सांग, अजून कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

नववीत ती आठशे मीटर पळायला लागली. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिची वेळ होती २ मिनिटं ४१ सेकंद. दिवाळीपर्यंत ती २ मिनिटं ३० च्या आसपास यावी असा सरांचा अंदाज. गणपती झाले, नवरात्र झालं, आणि वेळ झाली २ मिनिटं ५२. तक्त्यातली रेघ उलट्या दिशेने चढायला लागली. पहिला लॅप बरा, दुसऱ्या लॅपला पाय उचलेनात. सकाळी उठवलं तर उठेना. जिना चढली तरी धाप. मी काय केलं असेल? मी तिला आळशी म्हटलं. मोबाइल काढून घेतला. मैत्रिणींवर राग काढला. एकदा तर गाडीतून घरी येताना, रस्ताभर, तिच्याबरोबरच्या मुलींच्या वेळा मी तिला पाठ म्हणून दाखवल्या. ती खिडकीबाहेर बघत होती. एक शब्द बोलली नाही.

आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे मी माझ्या गुडघ्यासाठी गेले होते, ती सोबत होती. डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढली, नखं बघितली आणि म्हणाले, "हिचं रक्त तपासा." हिमोग्लोबिन ९.४. मुलींचं किमान बारा तरी असायला हवं.

मंडळी, रक्तातला हा लाल पदार्थ प्राणवायू वाहून नेतो. तो कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू कमी पोचतो. आठशे मीटरच्या दुसऱ्या लॅपला पाय शिशासारखे जड होतात ते निरोगी मुलीचेसुद्धा. माझी लेक तो लॅप पाऊण रक्तावर पळत होती. रोज पळत होती. एक दिवस चुकवला नाही. आणि मी तिला आळशी म्हणत होते!

पाळी सुरू झालेली, वाढीचं वय, वर रोजचा सराव, म्हणजे शरीराला लोह जास्त लागणार. शाळेत दर आठवड्याला निळी गोळी देतात, लोहाची. ती हिने कित्येक आठवडे खिशात ठेवून दिली होती, कारण पोटात मळमळायचं. मी कधी विचारलंच नाही. माझ्या तक्त्यात चार रकाने होते, पण 'तुला कसं वाटतंय' याला रकाना नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगते, कारण या सभागृहात मुलींच्या आया बसल्या आहेत. गोळी जेवणानंतर चालत असेल तर तशी घ्या, पण सोडू नका. जेवणाला लागून चहा नको, चहामुळे लोह अंगी लागत नाही. जेवताना लिंबू पिळा. हळिवाचे लाडू, पालेभाज्या, खजूर सगळं द्या, पण एवढी तूट लाडवांनी भरून निघणार नाही, औषध घ्यावंच लागेल. आणि तीन महिने धीर धरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आपल्या देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्ताची कमतरता दिसली. निम्म्याहून अधिक! त्यातल्या किती जणींना घरी आळशी म्हणत असतील? अभ्यासात लक्ष नाही म्हणून किती जणी बोलणी खात असतील? माझ्या लेकीचं कळलं, कारण ती पळत होती. ज्या पळत नाहीत त्यांच्या वेळेची नोंद कोण ठेवतं?

त्या रात्री मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मला पण वाटायचं, आई, की मी आळशीच आहे." एवढं एकच वाक्य. मी ते अजून विसरलेले नाही, आणि विसरायचंही नाही.

इथवर मी काय म्हटलं? दोरीच्या बाहेर राहायचं, आणि आकड्याला विचारायचा प्रश्न बदलायचा. यातलं एकही वाक्य नवीन नाही, पण दोन्ही मला ठेच लागल्यावरच कळली.

तिसरी गोष्ट आमच्या सासूबाईंपासून सुरू होते. हिमोग्लोबिनचं कळल्यावर त्या काळजीने म्हणाल्या, "पोरीच्या जातीला एवढं पळणं झेपतं का गं? बंद कर तिचं." त्यांची माया खरी होती. पण हा प्रश्न किती जुना आहे हे मला नंतर वाचताना कळलं. १९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा आठशे मीटर पळाल्या. जर्मनीच्या लिना राडकेने विश्वविक्रम करून सुवर्ण मिळवलं. अंतिम शर्यतीत नऊ जणी होत्या आणि नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. एकदोघी पळून झाल्यावर खाली पडल्या, जशी पुरुष मंडळीही पडतात. पण वर्तमानपत्रांनी छापलं की बायका कोसळल्या, हा प्रकार त्यांच्या प्रकृतीला घातक आहे. आणि ती शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकली. पुन्हा कधी आली? १९६०, रोम. बत्तीस वर्षं! एका पिढीच्या मुली जन्मल्या, वाढल्या, त्यांची पळायची वयं निघून गेली, ती केवळ बघणाऱ्यांची नजर चुकीची होती म्हणून. दमलेल्या पुरुषाला ते शूर म्हणाले, दमलेल्या बाईला दुबळी म्हणाले. मी लेकीला आळशी म्हटलं, ते याहून फार वेगळं होतं का?

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. माण तालुक्यातलं मोही गाव, दुष्काळी पट्टा. तिथली ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसमध्ये ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत गेली. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय स्त्री. पुन्हा बत्तीस वर्षं. अंतिम फेरीत ती दहावी आली. त्या रात्री आम्ही सगळे टीव्हीसमोर होतो. शर्यत संपल्यावर सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दहावी म्हणजे जगात दहावी ना?" तेव्हा आमची लेक लहान होती. पुढे काही वर्षांनी झेपतं का म्हणून त्यांनीच विचारलं, तेव्हा मी त्यांना त्या रात्रीची आठवण करून दिली. दुसऱ्या दिवशीपासून पहाटे पाचला हळिवाचा लाडू आणि अर्धं लिंबू त्याच काढून ठेवायला लागल्या.

आता शेवटचं.

आठशे मीटर म्हणजे चारशेच्या ट्रॅकचे दोन लॅप. सुरुवात पॅव्हेलियनसमोर, शेवटही तिथेच. म्हणून सगळे पालक तिथेच बसतात. सावली असते, निकाल तिथेच लागतो, फोटो चांगला येतो. मीही तिथेच बसायचे. बरी होऊन ती पुन्हा पळायला लागल्यावर एकदा मी तिला सहज विचारलं, "सगळ्यात अवघड कुठे जातं?" मला वाटलं होतं, शेवटचे शंभर मीटर म्हणेल. ती म्हणाली, "नाही गं. शेवटी तर सगळे ओरडत असतात, पळालं जातं. सहाशेपाशी अवघड जातं. शेवटच्या लॅपची घंटा होऊन गेलेली असते, पाय भरून आलेले असतात, अजून दोनशे बाकी असतात, आणि त्या बाजूला कुणीच नसतं."

त्या बाजूला कुणीच नसतं. मी चार वर्षं स्पर्धा बघत होते आणि मला ठाऊक नव्हतं. सहाशेची खूण पॅव्हेलियनच्या बरोब्बर पलीकडे येते, समोरची सरळ संपून शेवटचं वळण सुरू होतं तिथे. तिथे ऊन असतं, कुंपणाला लागून गवत असतं, फार तर भालाफेकीचं सामान पडलेलं असतं. मी विचारलं, "मी तिथे उभी राहू?" तिने थोडा विचार केला. "राहा. पण ओरडू नकोस. आणि मोबाइल काढू नकोस."

विभागीय स्पर्धा दुसऱ्या जिल्ह्यात होती. सकाळचे साडेदहा. मी संकुलाला पूर्ण वळसा घालून त्या बाजूला गेले. तिथे दोरीला टेकून अजून एकच बाई उभ्या होत्या, डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली. कुणाच्या तरी आई. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि काही न बोलता शेजारी उभ्या राहिलो. लांबून बार ऐकू आला. पहिल्या लॅपला घोळका समोरून गेला, मला नीट दिसलंसुद्धा नाही. मग घंटा वाजली. आता ओळ लांबली होती. ती पाचवी की सहावी असेल. जवळ आली तसा मला आधी स्पाइक्सचा आवाज आला, मग श्वासाचा. एवढ्या जवळून मी तिचा श्वास ती तान्ही असतानाच ऐकला होता. खांदे वर आले होते. सहाशेच्या खुणेपाशी तिने ते खाली सोडले, हात मोकळे केले आणि वळणात आतल्या रेघेला चिकटून शिरली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

शेजारच्या बाईंची मुलगी सगळ्यात मागे होती. ती गेल्यावर त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाल्या, "चला." आम्ही दोघी त्या गवतातून पॅव्हेलियनकडे चालत निघालो. शेवट आम्हा दोघींनाही दिसला नाही, फक्त टाळ्या ऐकू आल्या. पोचेपर्यंत माझ्या लेकीने स्पाइक्स काढले होते आणि ती त्या दुसऱ्या मुलीच्या नंबराच्या पिना काढून देत होती. ती कितवी आली ते मी विचारलं नाही. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "पाणी आहे?"

माझ्याकडे नव्हतं. त्या बाईंनी त्यांची बाटली पुढे केली.